रुखवतातलं इंजिन

मराठवाड्याच्या माणसाने मराठवाड्याच्याच सामानातून बांधलेलं पहिलं रेल्वे इंजिन १९७५ च्या वैशाखात जालन्यात पूर्ण झालं. त्यासाठी परदेशी पोलाद आणावं लागलं नाही, दिल्लीची मंजुरी घ्यावी लागली नाही आणि कुठल्या मंत्र्याने नारळही फोडला नाही. बांधणीला सहा वर्षं लागली. लांबी सव्वा फूट भरली. ड्रायव्हरची केबिन डालड्याच्या डब्याची होती.

बांधणारे गजाननराव आष्टीकर एका सरकारी खात्यात ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला कालवा शाईने गिरवायचा, हे त्यांचं काम. वीस वर्षांत त्यांनी इतके कालवे गिरवले, की ते सगळे खोदले असते तर जालन्याचं व्हेनिस झालं असतं. एकही खोदला गेला नाही. नकाशे गुंडाळून कपाटावर जायचे आणि पावसाळ्यात तिथे पाणी गळायचं, म्हणजे कालव्यांपर्यंत पाणी पोचायचं ते असं. आपण काढलेल्या रेघांपैकी काहीतरी एकदा उभं राहावं, हातात धरता यावं, एवढीच या माणसाची भूक होती. ती त्यांनी इंजिनावर भागवली.

इंजिन आपल्याच मीटरगेजचं, मनमाडहून काचीगुड्याकडे जाणाऱ्या गाडीला लागायचं ते वायपी. खऱ्या इंजिनाचा एक फूट म्हणजे गजाननरावांचा पाव इंच. बॉयलर पितळी टॉर्चच्या नळीचा, वरून काळा रंग. चाकांचे दांडे सायकलच्या तारांचे. पत्र्यावरचे रिव्हेट ग्रामोफोनच्या सुईने मागून एकेक ठोकून उठवलेले. मागच्या टेंडरमध्ये, म्हणजे कोळशाच्या डब्यात, खरा दगडी कोळसा, घरातल्या चहाच्या गाळणीतून गाळून घेतलेला. त्या दिवसांत आष्टीकरांकडे चहा प्यायलेल्यांना त्याची चव अजून आठवते.

मापं घेण्याचे हाल वेगळेच. गाडी पाणी घ्यायला थांबली की गजाननराव शिंप्याची टेप घेऊन इंजिनाला भिडायचे. एकाहत्तरच्या लढाईत दोन शिपायांनी त्यांना हेर म्हणून दुपारभर बसवून ठेवलं. शेवटी ‘हेर इतका वेडा नसतो’ या मुद्द्यावर सोडलं. मग चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला. देशाचं काय व्हायचं ते झालं, गजाननरावांना मात्र यार्डात गार पडलेलं अख्खं वायपी मिळालं. चाकांच्या मागे पालथं पडून त्यांनी ब्रेकचे दांडे मोजले. ‘असा संप पुन्हा होणे नाही,’ असं ते डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. कामगारांनाही तसंच वाटत होतं, पण कारण वेगळं होतं.

या कामात त्यांना एकच जोडीदार होता, हायस्कुलात विज्ञान शिकवणारे देवानंद मास्तर. डाग द्यायची तांब्याची सळई प्रयोगशाळेतून ते आणायचे आणि टीका घरून आणायचे.

‘आष्टीकर, इंजिन चालणार आहे का?’

‘चालायचं काय त्यात? चाकं फिरतात.’

‘मंग रूळ कुठंय?’

‘रूळ पुढं बघू.’

‘बराबर आहे. आधी इंजिन, मंग रूळ. सरकारी नोकरी अंगात मुरली तुमच्या.’

इंजिन पूर्ण झालं आणि त्याच महिन्यात मुलीचं लग्न निघालं. शरयूला वाटूरचं स्थळ आलं. मुलगा वसंता, वाटूर फाट्यावर घरचं खत-बियाण्याचं दुकान. वडील भुजंगराव बोलघेवडे, आई दुर्गाबाई त्यांच्याहून. बैठकीतच दुर्गाबाईंनी सांगून ठेवलं, की थोरल्या सुनेच्या रुखवतात शेवयांचा बंगला होता, आणि बंगल्याला जिना होता.

गजाननरावांच्या पत्नी अरुंधतीबाई तेव्हापासून त्या जिन्यावरच अडकल्या. त्यांच्याकडे तांदळाचा गणपती होता, बांगड्यांचा मोर होता, नारळाचे नवरा-नवरी होते. जिन्याच्या तोडीचं काही नव्हतं. एक दिवस जेवताना त्यांनी विचारलं, ‘अहो, तुमची गाडी ठेवू का रुखवतात?’

गजाननरावांचा घास हातातच राहिला. सहा वर्षांत या घरात इंजिनाबद्दल आपणहून निघालेलं हे पहिलं वाक्य होतं ज्यात ‘उचला’ हे क्रियापद नव्हतं.

‘किती लोक बघतील?’ त्यांनी विचारलं.

‘सगळा मांडव बघंल.’

ते हो म्हणाले. नुसते हो म्हणाले नाहीत, एक पुठ्ठाही लिहिला: ‘वायपी वर्ग, मीटरगेज, प्रमाण फुटाला पाव इंच.’ रुखवत म्हणजे प्रदर्शन, असा त्यांचा समज होता. स्वतःच्या लग्नातलं रुखवत त्यांना फक्त चवीने आठवत होतं, कारण त्यात अनारसे होते. रुखवत बघायचं असतं किंवा खायचं असतं. तिसरं काही त्याचं होत असेल, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. अरुंधतीबाईंना ठाऊक होतं. पण कोळशाने काळी झालेली आपली गाळणीही त्यांना आठवत होती.

लग्नात इंजिनाने मांडव मारला. शेवयांचा बंगला कुणाच्या तोंडीही राहिला नाही. गजाननरावांचा पुठ्ठा अरुंधतीबाईंनी काढून तिथे उखाणा लावला होता, ‘जालन्याच्या स्टेशनात शिट्टी देते गाडी, शरयूच्या हातची कला बघा थोडी थोडी’. पण तो गजाननरावांनी पाहिला नाही, कारण ते लोकांचे चेहरे बघत होते. कन्यादानाला भटजींना तीनदा हाक मारावी लागली. मुलीचे वडील रुखवताच्या टेबलापाशी उभे राहून एका अनोळखी म्हाताऱ्याला ब्रेक समजावून सांगत होते.

दुर्गाबाईंनी इंजिनाला सगळीकडून बोट लावून बघितलं. ‘अगंबाई! हे पण शरयूनंच?’

‘सगळं तिच्याच हातचं,’ अरुंधतीबाई म्हणाल्या. रुखवतापाशी असंच म्हणायचं असतं. नवरीने जन्मात सुई धरली नसली तरी रुखवत तिच्याच हातचं. गजाननरावांनी ते ऐकलं आणि तोंड उघडलं. तेवढ्यात कुणीतरी त्यात पेढा घातला.

संध्याकाळी वऱ्हाडाची गाडी लागली. सामान चढवताना गजाननरावांना दिसलं, की भुजंगरावांचा एक भाचा इंजिन नाकावर उभं धरून पितळी हंड्यात सोडतोय. हलू नये म्हणून बाजूने बुंदीचे लाडू ठासतोय.

‘अगं, ते कुठं घेऊन चालले?’

‘वाटूरला,’ अरुंधतीबाई म्हणाल्या.

‘का?’

‘रुखवत आहे ते. मुलीबरोबर जातं.’

‘परत कधी येतं?’

अरुंधतीबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. ‘मुलगी परत आली तर.’

गजाननरावांनी क्षणभर शरयूकडे पाहिलं, मग हंड्याकडे. त्या क्षणात त्यांनी नेमका कशाचा विचार केला, हे देवानंद मास्तरांनी पुढे अनेकदा विचारलं. त्यांनी कधी सांगितलं नाही. गाडी हलली तेव्हा ते इतके हमसून रडले, की अख्ख्या गल्लीचे डोळे ओले झाले. मुलीवर एवढा जीव असलेला बाप आम्ही पाहिला नव्हता. आजही तेच म्हणतो, उगीच खोलात कशाला जा.

‘मागून घ्या,’ मास्तर म्हणाले.

‘मुलीच्या बापानं? रुखवत? परत?’

‘मंग दुसरं करा.’

‘सहा वर्षं, मास्तर. आणि संप कोण करणार?’

त्यांचं जेवण कमी झालं. कचेरीत कालवा गिरवताना हात थांबायचा, आणि एकदा तर कालव्याला त्यांनी चुकून रुळांसारख्या आडव्या पट्ट्या काढल्या. साहेबांच्या ते लक्षात आलं नाही. नकाशा मंजूर झाला. पुढे आणीबाणी लागली. सगळेच कमी बोलू लागले, त्यामुळे गजाननरावांचं गप्प राहणं कुणाला वेगळं वाटलं नाही.

शेवटी राहवेना, म्हणून मुलीला भेटायचं निमित्त करून ते वाटूरला गेले. आमच्याकडे नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणी पीत नाहीत. एसटीतून उतरून, तापलेला फाटा ओलांडून, घशाला कोरड पडलेली अशा अवस्थेत ते भुजंगरावांच्या बैठकीत बसले आणि समोर बघितलं.

इंजिन काचेच्या कपाटात होतं. खाली क्रोशाचा रुमाल. बॉयलरच्या तोंडावर हळदीकुंकू. एका बाजूचा दांडा वाकलेला, आणि टेंडरमधल्या कोळशावर कुणीतरी लवंगा ठेवल्या होत्या.

‘बघा, बघा व्याहीबुवा,’ भुजंगराव म्हणाले, ‘गिऱ्हाईक आलं का आधी हे दाखवतो, मंग युरिया. परवा एक ओव्हरसीअर आल्ता. म्हणला, बिलकुल असली दिसतं. मी म्हणलं, आमच्या सूनबाईनं केलं! बेशुद्धच पडायचा राह्यला!’

‘दांडा वाकला आहे,’ गजाननराव म्हणाले.

‘असू द्या हो. पळायचं थोडंच आहे त्याला?’

‘मी जालन्याला नेऊन सरळ करून आणतो. आठ दिवसांत.’

‘तुम्ही कशाला तकलीफ घेता? जिनं केलं ती आहे की घरात. शरयू! दांडा सरळ करून दे गं!’

शरयूने वडिलांना परसात गाठलं. मुलगी हडकली नव्हती, उलट भरली होती. तिने हात जोडले.

‘बाबा, काही बोलू नका. तुमच्या पाया पडते.’

‘अगं, पण ते माझं…’

‘मला ठाऊक आहे कुणाचं ते. पण ऐका. माझी पोळी अजून वातड होते. थोरल्या जाऊबाईंना पोळीवरून केवढं ऐकवलं होतं. मला सासूबाई काय म्हणतात माहितंय? म्हणतात, तिचा हात कारागिराचा आहे, तो पोळीला कसा लागंल! त्या इंजिनावर माझा संसार उभा आहे, बाबा.’

गजाननरावांनी परसातल्या हौदाकडे पाहिलं. पाणी काठोकाठ होतं.

‘आणि अजून एक,’ शरयू म्हणाली. ‘माघात कुमुदचं, माझ्या नणंदेचं, लग्न आहे. हसनाबादचं स्थळ. तिच्या रुखवताला असंच एक इंजिन करून दे म्हणताहेत. मी काय करू?’

परतीच्या एसटीत गजाननराव पहिल्यांदा हसले, असं त्यांनीच सांगितलं. रस्ता सापडला होता. कुमुदसाठी नवं इंजिन करायचं, पण असं भडक, असं लखलखीत, की लग्नात मिरवायला तेच शोभावं. ते नवं हसनाबादला जाईल. मग जुन्याची नवलाई संपेल. दांडा सरळ करायच्या निमित्ताने ते एकदा जालन्याला आलं, की आलं. शरयूच्या कारागिरीला नव्या इंजिनाने नवी साक्ष मिळणारच होती.

दिवाळसणाला शरयू माहेरी येणार होती. तिनेच ते माहेरी बसून केलं असं म्हणता यावं, म्हणून तेवढ्यात त्यांनी ते उरकलं. बॉयलर लोखंडी टॉर्चचा, चाकं कोटाच्या बटणांची, दोन मोठी, दोन लहान, जशी मिळाली तशी. अंगाला लाल रंग, धुराड्याला सोनेरी कागद, समोर बेगडाचं कमळ. मास्तर बघायला आले आणि दारातच थांबले.

‘हे काय करून राह्यलात? इंजिन आहे का बँडवाल्याची गाडी?’

‘लग्नात वायपी कुणाला पाहिजे असतं, मास्तर?’

‘आणि प्रमाण?’

गजाननराव ब्रश रंगात बुडवत राहिले. ते इंजिनाकडे पाठ करून बसले होते. रंगवतानाही ते तसेच बसत, अंदाजाने ब्रश मागे नेऊन, असं अरुंधतीबाई सांगत. पण अरुंधतीबाईंना ते नवं फार आवडलं. हे घरात राहिलं तरी चालेल, असंही त्या म्हणाल्या, आणि त्या बोलण्याने नवऱ्याच्या उरल्यासुरल्या जेवणाचंही वाटोळं झालं.

दिवाळीनंतर शरयूला पोचवायला ते स्वतः गेले. एका हातात नवं इंजिन, दुसऱ्या काखेत बुटांचं रिकामं खोकं, आत कापूस. येताना त्यात कोण बसणार होतं, ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

दुर्गाबाईंनी दोन्ही इंजिनं शेजारी ठेवली आणि कंबरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. बाजूला भुजंगराव. गजाननराव पाटाच्या अगदी कडेला टेकले होते.

‘लग्नात नवं शोभतं,’ ते म्हणाले. घसा कोरडा असल्याने ते कुजबुजल्यासारखं ऐकू आलं. ‘लाल आहे. शुभ आहे. कमळ पण आहे.’

‘तेच म्हणते मी,’ दुर्गाबाई म्हणाल्या. ‘किती देखणं झालंय हे! त्या काळ्याच्या तोंडात मारंल.’

‘मग हे कुमुदला…’

‘असं कसं व्याहीबुवा? सूनबाईनं या घरची झाल्यावर केलेलं पहिलं काम हे. घरची लक्ष्मी आहे ती. ती का कुणी बाहेर देतं? ते काळं तिनं माहेरपणी केलेलं. ते जाऊ दे कुमुदबरोबर. हे इथं राहील, कपाटात. कुंकू पण लालावर नको, हळदच लावू.’

भुजंगराव म्हणाले, ‘बराबर. एकदम बराबर.’

गजाननराव उठले. बैठकीच्या कोपऱ्यात माठ होता. त्यांनी तांब्या बुचकळला आणि उभ्याने सगळाच्या सगळा प्यायला. मग दुसरा. बैठकीत कुणी हललं नाही. मुलीच्या घरचं पाणी बापाने प्यायलं म्हणजे त्याचा एकच अर्थ. दुर्गाबाईंनी हळूच शरयूकडे पाहिलं, चेहरा उजळत आलेला. शरयूने नाही म्हणून मान हलवली. चेहरा पुन्हा मावळला.

‘उन्हाचा त्रास आहे त्यांना,’ शरयू म्हणाली. कार्तिक चालला होता.

माघात कुमुदचं लग्न हसनाबादला लागलं. भुजंगरावांचे व्याही म्हणून गजाननरावांना मानाने बोलावणं आलं. ते उपरणं घेऊन गेले आणि बुटांचं खोकं पण घेऊन गेले. अरुंधतीबाईंनी कशाला म्हणून विचारलं नाही. मास्तरांनी विचारलं.

‘आष्टीकर, चोरी करणार का?’

‘स्वतःच्या वस्तूची चोरी होते का मास्तर?’

‘होते. शिपाई आल्यावर होते.’

मांडवात इंजिन टेबलाच्या मधोमध होतं. चकल्यांच्या चळतीतून निघालेलं, पुढे मोराच्या दिशेने तोंड. वाकलेला दांडा तसाच. वरपक्षाकडचे एक वृद्ध, अप्पाराव, चष्मा पुढेमागे करून ते बघत होते. माणूस दर्दी वाटला. गजाननरावांचा धीर चेपला.

‘कुणाच्या हातचं हो हे?’ अप्पारावांनी विचारलं.

‘माझ्या,’ गजाननराव म्हणाले.

अप्पारावांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘मंग मांडवात इकडं काय करून राह्यलात? शालू नेसा, आत जाऊन बसा!’

हसण्याचा असा भडका उडाला की बँडवाला चुकला. ‘व्याही लई मस्करे आहेत!’ भुजंगराव अभिमानाने ओरडले. गजाननराव पण हसले. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

पंगत बसली आणि टेबलापाशी कुणी उरलं नाही. गजाननरावांनी उपरणं सैल केलं, इंजिन उचललं, पोटाशी धरलं. कित्येक महिन्यांनंतर हाताला ते वजन लागलं. मांडवाच्या कनातीपर्यंत ते गेलेही. खोकं तिथेच खुर्चीखाली होतं. पण पुढच्या चाकांच्या खाचेत टेबलावरच्या क्रोशाच्या रुमालाचा धागा अडकला होता. गजाननराव पुढे, मागून रुमाल, रुमालावरून मोर, मोरामागे तांदळाचा गणपती, आणि शेवटी चकल्यांची अख्खी चळत खाली आली.

पंगत वळून बघू लागली. गजाननराव कनातीपाशी उभे, पोटाशी इंजिन, पायाशी उघडं खोकं, आत कापूस. सगळं संपलं, असं त्यांना वाटलं. एका अर्थी बरंही वाटलं. आता विचारतील, आणि आता सांगता येईल.

दुर्गाबाई हात धुऊन धावत आल्या. त्यांनी इंजिन पाहिलं, खोकं पाहिलं, कापूस पाहिला. आणि त्यांचे डोळे भरून आले.

‘बघा, बघा!’ त्या मांडवाला उद्देशून म्हणाल्या. ‘माझ्या कुमुदच्या वस्तूची काळजी कुणाला आहे बघा! पोरं हंड्यात कोंबतील म्हणून हा माणूस जालन्याहून खोकं घेऊन आला. जेवण सोडून बांधून राह्यला. याला म्हणतात व्याही!’

मग सगळ्यांच्या देखत गजाननरावांनी इंजिन खोक्यात ठेवलं. चाकांखाली कापूस, दांड्याखाली कापूस, धुराड्याभोवती थोडा जास्त. झाकण लावलं, सुतळी बांधली, गाठ पक्की आहे का ते ओढून बघितलं, आणि नवरदेवाच्या हातात दिलं. अप्पारावांनी पाठीवर थाप मारली. जाणकारांच्या मते हसनाबादेत इतकं नीट बांधलेलं रुखवत त्याआधी आलं नव्हतं.

जालन्याला परतल्यावर मास्तरांनी एवढंच विचारलं, ‘मंग? पुन्हा कधी जाणार बघायला?’

‘कोण म्हणून जाऊ?’ गजाननराव म्हणाले. ‘मुलीच्या नणंदेचं सासर. या नात्याला मराठीत शब्द न्हाई, मास्तर. मी शोधून बघितला.’

मास्तरांनी पण थोडा वेळ शोधला. मग डाग द्यायची सळई पिशवीत टाकली आणि शाळेत परत नेऊन ठेवली. अरुंधतीबाईंनी नवी गाळणी आणली. वाटूरच्या कपाटातलं लाल इंजिन पाहायला अजून लोक येतात. शरयूची पोळी पुढे सुधारली, पण आता कुणाचं तिकडे लक्ष नसतं.

काळं इंजिन हसनाबादलाच आहे. हसनाबादला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन जालना.